अहवाल एकाचा, नाती अनेकांची

जनुकीय समुपदेशन म्हणजे आनुवंशिक विकार असलेल्या, अथवा तो पुढील पिढीत उतरण्याची शक्यता असलेल्या व्यक्तीला व तिच्या कुटुंबाला त्या विकाराचे स्वरूप, तो पिढ्यांमधून उतरण्याची रीत, तपासणीचे आणि उपचाराचे मार्ग व त्या मार्गांच्या मर्यादा समजावून देणे आणि निर्णय घेताना त्यांच्या सोबत राहणे. पुस्तकात ही व्याख्या एका वाक्यात बसते. विदर्भातील शासकीय रुग्णालयांत सिकलसेल आजाराच्या कामात वर्षानुवर्षे घालवलेल्या समुपदेशकांचा अनुभव मात्र असा आहे, की यातील समजावून देण्याचा भाग शिकता येतो आणि शिकवताही येतो. खरी अडचण येते ती समजलेली गोष्ट त्या व्यक्तीने घरी जाऊन कोणाला, कशी आणि केव्हा सांगावी या ठिकाणी. रक्त एकाचे तपासले जाते, अहवालावर नावही एकाचेच असते. पण त्या कागदातला मजकूर आईवडिलांविषयी, भावंडांविषयी, मामा-मावशींविषयी आणि अजून न ठरलेल्या सोयरिकीविषयीही काही सांगत असतो, आणि यांपैकी बहुतेक जण समुपदेशकासमोर बसलेले नसतात.

हा शब्दप्रयोग अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या डाइट इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या शेल्डन रीड यांनी १९४७ मध्ये रूढ केला. त्याआधीच्या चार-पाच दशकांत युरोप-अमेरिकेत सुप्रजननवादाचा, म्हणजे कोणी मुले जन्माला घालावीत आणि कोणी घालू नयेत हे समाजाने वा शासनाने ठरवावे या विचाराचा, मोठा प्रभाव होता आणि त्यापायी हजारो माणसांची सक्तीने नसबंदी झाली होती. रीड यांना आपले काम त्या परंपरेपासून वेगळे करायचे होते, म्हणून त्यांनी त्याला एक प्रकारचे सामाजिक कार्य मानले. पुढे १९६९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या सारा लॉरेन्स कॉलेजात या विषयाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला आणि निर्देशविरहितता, म्हणजे समुपदेशकाने माहिती पूर्ण द्यावी पण निर्णय सुचवू नये, हे तत्त्व या व्यवसायाचा कणा मानले गेले. विदर्भातील कक्षात या तत्त्वाची परीक्षा पहिल्या दहा मिनिटांतच होते, कारण समोरची व्यक्ती सगळे ऐकून घेते आणि शेवटी म्हणते, “ते समदं ठीक आहे म्याडम, पण आता आम्ही काय करावं ते तुम्हीच सांगा.” या वाक्याला मौनाने उत्तर देणारा समुपदेशक तत्त्वाला धरून वागत असेल, पण ऐकणाऱ्याला ते मौन तुसडेपणाचे वाटते; म्हणून अनुभवी माणसे निर्णय सुचवत नाहीत, पण त्या घराला कोणत्या क्रमाने विचार करता येईल तो क्रम मात्र निःसंकोच सुचवतात.

सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा, म्हणजे तांबड्या पेशींतून प्राणवायू वाहून नेणाऱ्या प्रथिनाचा विकार. या प्रथिनाच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल येते. एवढ्याशा बदलामुळे प्राणवायू कमी पडताच पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांधे असह्य ठणकू लागतात. बीटा साखळीच्या जनुकाच्या, म्हणजे ती साखळी कशी बनवावी याची सूचना वाहणाऱ्या डीएनएच्या तुकड्याच्या, दोन प्रती प्रत्येकाकडे असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. दोन्ही सदोष असल्या तर आजार होतो, त्याला तपासणी कार्यक्रमाच्या भाषेत ‘एसएस’ म्हणतात; एकच सदोष असली तर ती व्यक्ती ‘एएस’, म्हणजे वाहक. वाहक हा रुग्ण नव्हे आणि एरवीच्या आयुष्यात त्याला उपचारांची गरज नसते. भारतात या विकाराची नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगराळ भागातील आदिवासींमध्ये प्रथम झाली आणि १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील आपली निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. विदर्भ, नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात त्याचे प्रमाण का वाढले याचे उत्तर मलेरियात आहे: वाहकाला फाल्सिपॅरम मलेरियाच्या गंभीर रूपापासून बरेच संरक्षण मिळते, हे ॲन्थनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखवले. जंगल आणि डास यांच्या सोबतीने राहिलेल्या समाजांत हे जनुक टिकले, आणि जातीतल्या जातीत लग्ने करण्याच्या रीतीने ते त्या त्या समाजात कोंडले गेले. समुपदेशक हा इतिहास आवर्जून सांगतात, कारण ‘हा अमुक जातीचा आजार’ असे ऐकत मोठ्या झालेल्या तरुणाला आपल्या पूर्वजांना मलेरियातून वाचवणारीही हीच गोष्ट होती हे कळल्यावर त्याचा पुढला प्रश्न बदलतो.

कामाची सुरुवात गावातील शिबिरात होते. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब एका रासायनिक द्रावणात टाकतात; नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेषा दिसत राहिल्या तर चाचणी नकारात्मक, द्रावण गढूळ होऊन रेषा दिसेनाशा झाल्या तर सकारात्मक. या विद्राव्यता चाचणीला, जिला सगळे ‘सोल्युबिलिटी’ म्हणतात, काही मिनिटे लागतात, म्हणूनच ती हजारोंनी होते. पण ती वाहक आणि रुग्ण यांत भेद करू शकत नाही. तो भेद इलेक्ट्रोफोरेसिसने, म्हणजे विद्युत्प्रवाहाच्या साह्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचणीने, किंवा एचपीएलसी यंत्राने कळतो आणि त्यासाठी नमुना जिल्ह्याच्या ठिकाणी जातो. मधल्या दिवसांत गावात ‘पॉझिटिव्ह’ एवढाच शब्द पोहोचलेला असतो, आणि एचआयव्हीच्या प्रचारानंतर या शब्दाला ग्रामीण महाराष्ट्रात जो अर्थ चिकटला आहे तो पुसायला समुपदेशकाचा बराच वेळ जातो. नकारात्मक निष्कर्षही नेहमी निर्धास्त करणारा नसतो. सहा महिन्यांच्या आतील बाळात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन भरपूर असल्याने ही चाचणी फसते, नुकतेच रक्त चढवलेल्या माणसात ती दात्याच्या रक्ताविषयी बोलते, आणि थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक विकाराचा वाहक तर तिला दिसतच नाही. हा शेवटचा मुद्दा नागपुरात विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण जरीपटक्यासारख्या सिंधी वस्तीत थॅलेसेमिया घराघराला माहीत आहे, आणि आईवडिलांपैकी एक सिकलसेलचा व दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल तर मुलाला दोहोंच्या संयोगाने होणारा आजार होऊ शकतो. ‘एकाची टेस्ट निगेटिव्ह आहे, मग लग्नाला हरकत नाही’ हे वाक्य त्यामुळे अर्धेच खरे आहे.

अहवाल हाती आल्यावर समुपदेशक वंशावळ काढायला घेतात. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, भरलेला आकार म्हणजे आजारी, अर्धा भरलेला म्हणजे वाहक, आणि रक्ताच्या नात्यात लग्न झाले असेल तर नवराबायकोमध्ये दुहेरी रेघ. ही चिन्हे जगभर जवळपास सारखीच आहेत, पण ती भरण्यासाठी विचारायचे प्रश्न मात्र त्या त्या मुलखातच घडवावे लागतात. ‘नात्यात लग्न झाले आहे का?’ या प्रश्नाला महाराष्ट्रात हमखास ‘नाही’ असे उत्तर येते, कारण मामाच्या मुलीशी लग्न करणे अनेक समाजांत इतके मानलेले आहे की त्याला कोणी वेगळे समजत नाही. इरावती कर्वे यांनी नातेसंबंधांवरील आपल्या अभ्यासात या प्रथेची सविस्तर चर्चा केली आहे. तेव्हा प्रश्न फिरवून विचारावा लागतो: ‘सासूबाई लग्नाआधी तुमच्या कोण लागत होत्या?’ ‘आत्या’ असे उत्तर आले की दुहेरी रेघ ओढली जाते. अशा आते-मामे भावंडांत सरासरीने एक अष्टमांश जनुके सामाईक असतात, त्यामुळे एखादे दुर्मीळ सदोष जनुक दोघांकडे एकाच आजोबा-आजीकडून आलेले असण्याची शक्यता वाढते. सिकलसेलच्या बाबतीत, जिथे जनुक सगळ्या समाजातच पसरलेले आहे, नात्याबाहेरचे पण जातीतले लग्नही पुरेसे संरक्षण देत नाही, आणि हा फरक सांगितला नाही तर घरातले सगळे खापर मामाच्या घरावर फुटते.

वंशावळीत जे सांगितले जात नाही ते बहुधा मेलेल्या मुलांविषयी असते. ‘मुले किती?’ या प्रश्नाला जिवंत मुलांचीच संख्या मिळते. गर्भपात, मृत जन्मलेले बाळ, वर्षाच्या आत तापाने गेलेले मूल, ‘वातानं’ अंग दुखून विशीच्या आत गेलेला काका, हे सारे तिसऱ्या-चौथ्या फेरीत आणि बरेचदा पुरुष मंडळी चहाला बाहेर गेल्यावर निघते. घरातील वृद्ध स्त्रियांइतके हे कोणालाच ठाऊक नसते. तपासणीला त्यांना आणण्याची पद्धत नाही, पण वंशावळीच्या दिवशी त्या आल्या तर एका बैठकीत तीन पिढ्या कागदावर उतरतात.

यानंतर येतो शक्यतेचा हिशेब. आईवडील दोघे वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्ही जनुके निर्दोष असण्याची २५ टक्के असते. हे वाक्य बोलायला सोपे आणि ऐकायला फसवे आहे. ‘चारातले एक’ असे ऐकलेला बाप, पहिले मूल एसएस निघाल्यावर, पुढची तीन सुरक्षित आहेत असे धरून चालतो. ज्यांना चार मुले झाली आणि चारही धडधाकट आहेत त्यांना चाचणीच चुकीची वाटते, वास्तविक अशा जोडप्याची चारही मुले आजारमुक्त असण्याची शक्यता ३२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळपास तीनात एक एवढी मोठी असते. म्हणून अनेक समुपदेशक आकडे बाजूला ठेवतात आणि आईसाठी एक, बापासाठी एक अशा दोन डब्यांत दोन-दोन रंगांचे मणी ठेवून जोडप्यालाच डोळे मिटून एकेक मणी काढायला लावतात. काढलेले मणी प्रत्येक खेपेला परत डब्यात टाकायचे असतात, आणि मागच्या बाळंतपणाचा पुढच्याशी संबंध नाही हे तासभर बोलून पटले नसते ते त्या कृतीत पटते. यापेक्षा अवघड हिशेब रुग्णाच्या निरोगी भावंडाचा. त्याला आजार नाही हे ठाऊक असल्याने चार शक्यतांपैकी एक बाद होते, उरलेल्या तिनांपैकी दोनांत तो वाहक असतो. म्हणजे तपासणीआधीच त्याची वाहक असण्याची शक्यता दोन तृतीयांश असते, निम्मी नव्हे. गणित येणाऱ्या शिक्षकांचीही येथे गल्लत होते. उलट दिशेने पसरलेला गैरसमज असा, की आजारी मुलीला आजारीच मुले होणार. जोडीदाराच्या हिमोग्लोबिनमध्ये कोणताच दोष नसेल तर तिची सगळी मुले वाहक होतील आणि एकही आजारी होणार नाही. मुलीच्या आईला हे सांगितल्यावर ती हेच वाक्य पुन्हा पुन्हा वदवून घेते असा बहुतेकांचा अनुभव आहे.

हिशेब कळला तरी दोषाचा प्रश्न सुटत नाही. “आमच्या घरात तं कोनालेच हे नाही, मंग हिच्या माहेराकडूनच आलं असंन,” असे सासू सुनेच्या देखत म्हणते आणि मुलगा मान खाली घालतो. सिकलसेल हा अप्रभावी विकार आहे, म्हणजे आजार होण्यासाठी दोन्ही बाजूंकडून सदोष प्रत यावी लागते. त्यामुळे मूल एसएस असेल तर बापाच्या रक्तातही ते आहे, हे समुपदेशकाला सांगता येते आणि नळीतल्या रक्ताने दाखवताही येते. क्वचित बापाची चाचणी नकारात्मक येते, आणि तेथे घाई करणारा माणूस एखादे घर मोडू शकतो. नमुन्यांची अदलाबदल, आधी चढवलेले रक्त, बापाकडे असलेला थॅलेसेमिया अशा सगळ्या शक्यता तपासून झाल्यावरही उत्तर मिळाले नाही तर काय सांगायचे व कोणाला, हे तपासणीपूर्वीच्या संमतीच्या बोलण्यात ठरलेले असावे लागते. शिबिराच्या गर्दीत ते क्वचितच ठरते.

डुशेन या स्नायूंच्या विकारात गोष्ट याहून बिकट होते. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रीकडे अशी दोन गुणसूत्रे असल्याने ती सहसा वाहक राहते, मुलाकडे एकच असल्याने तो आजारी पडतो. म्हणजे येथे ‘आईकडून आले’ हे विज्ञानच सांगते. सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये हा बदल नव्याने घडलेला असतो व आई वाहक नसते, हे खरे असले तरी तपासणी होईपर्यंत त्या घरात ते कोणी ऐकत नाही. समुपदेशकाला अशा वेळी जनुकाचा मार्ग आणि माणसाचा दोष या दोन गोष्टी एकाच वाक्यात येऊ न देण्याची दक्षता घ्यावी लागते. आणि तरीही मार्ग सांगणे टाळता येत नाही, कारण या विकारात धोका काका-चुलत्यांच्या नव्हे, तर बहीण, मावशी आणि मावसबहिणींच्या पोटी जन्मणाऱ्या मुलांना असतो. आजारी मुलाच्या आईच्या लहान बहिणीचे लग्न ठरलेले असते, आणि ती वाहक असू शकते हे तिला कळवण्याचा अधिकार तिच्या बहिणीलाच असतो, समुपदेशकाला नाही.

गोपनीयतेचा नियम असा सरळ आहे आणि त्यामागे कडू अनुभव आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांची सिकलसेल तपासणी सक्तीची केली, पण समजावून सांगण्याची व्यवस्था केली नाही; निरोगी वाहकांना विमा आणि नोकरीत अडथळे आले. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या भागात त्याच सुमारास संशोधकांनी गावाची तपासणी करून वाहकांना सावध केले, तर वाहकपणाला डाग समजले जाऊ लागले आणि काहींनी तो लपवून लग्ने केली. सायप्रसने मात्र थॅलेसेमियाबाबत तपासणी, समुपदेशन आणि चर्चचे सहकार्य यांची सांगड घालून आजारी बाळांचे जन्म जवळजवळ थांबवले.

भारतात १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करून २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरू नये असे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासलेल्या प्रत्येकाला कार्ड मिळते आणि पत्रिकेआधी कार्ड जुळवा असे सांगितले जाते. ही सूचना प्रचारासाठी सोयीची असली तरी पत्रिकेचा इतिहास पाहता तिच्यात धोका आहे, असे म्हणावे लागते. व्यवहारात मुलीचे कार्ड मागितले जाते, मुलाचे विचारले जात नाही. वाहक मुलीला वाहक नसलेल्या मुलाचे स्थळ आले तर हरकत घ्यायला काहीच कारण नसते, तरी बोलणी मोडतात. आणि एकदा मोडलेल्या बोलण्यांनंतर धाकट्या बहिणीचे रक्त तपासूच द्यायचे नाही असे घर ठरवते. निर्मूलनाचे यश शासन जन्मांच्या आकड्यात मोजणार हे समजण्यासारखे आहे, पण समुपदेशनाचे यश त्या आकड्यात मोजले की निर्देशविरहितता उरत नाही आणि रीड यांना ज्या परंपरेपासून दूर जायचे होते तिची सावली परत येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले. जगणाऱ्या रुग्णाला हायड्रॉक्सीयुरियाची गोळी वेळेवर मिळणे आणि प्रमाणपत्र मिळणे हाही समुपदेशनाचाच विषय आहे, आणि नोंदवहीत त्यासाठी जागा सापडत नाही.

गर्भजल परीक्षेविषयी थोडक्यात सांगता येईल. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेच्या पेशी घेऊन, किंवा सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल काढून गर्भाला आजार आहे की नाही हे कळते. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. हिमोग्लोबिनच्या विकारांसाठी अशी तपासणी करण्यास तो कायदा परवानगी देतो, मात्र गर्भवतीला समजेल अशा भाषेत लेखी संमती आणि लिंग उघड न करण्याची अट घालतो. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या बदलाने मुदत वाढली. पण विदर्भातल्या बाईची अडचण मुदतीपेक्षा वेगळी असते: नवऱ्याची तपासणी सासरच्या तालुक्यात, तिची माहेरच्या, आणि दोन्ही कागद एकत्र येईपर्यंत पाच महिने उलटलेले असतात.

या सगळ्या कामासाठी प्रशिक्षित जनुकीय समुपदेशक मोठ्या शहरांबाहेर जवळपास नाहीत. ते काम कंत्राटी कर्मचारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, परिचारिका आणि आशाताई करतात, आणि त्यांतल्या ज्यांना नात्यांची जाण आहे त्यांचे बोलणे पदवीधराच्या बोलण्यापेक्षा अधिक ऐकले जाते. गोपनीयता मोडायची नाही आणि नातेवाइकांपर्यंत पोहोचायचेही आहे, या पेचातून निघालेला एक साधा उपाय म्हणजे चिठ्ठी. समुपदेशक मराठीत एक पानभर मजकूर लिहून देतात: आमच्या कुटुंबात सिकलसेलचे वाहक आढळले आहेत, वाहक असणे म्हणजे आजार नव्हे, भावंडांनी तपासणी करून घ्यावी, अमुक वारी अमुक ठिकाणी यावे. त्यावर कोणाचे नाव नसते. ती कोणाला द्यायची हे अहवाल मिळालेली व्यक्तीच ठरवते, आणि काय बोलून द्यायची याची तालीम कक्षातच होते, कारण ‘तुझ्यातही असेल’ असे म्हणून दिलेली चिठ्ठी आणि ‘माझ्यात निघालं, तूही बघून घे’ असे म्हणून दिलेली चिठ्ठी यांचा परिणाम सारखा होत नाही. चिठ्ठी घेऊन कोणी आले की आधीची वंशावळ कपाटातून निघते, आणि बहुतेक वेळा ती दुरुस्त करावी लागते: आधीच्या माणसाने न सांगितलेला एखादा भाऊ, आत्याच्या घरी दिलेली एखादी बहीण, त्या घरातले गेलेले एखादे मूल नव्या माणसाच्या बोलण्यातून पुढे येते, आणि पुढल्या चिठ्ठ्या कोणाकोणासाठी लिहायच्या हे तेथून ठरते.